खव्याऐवजी मिल्क पावडर: कुठे चालते, कुठे नाही

भांडुपहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "ताई, यंदा गणपतीत मावा मोदक घरीच करायचे ठरवले. खवा महाग, आणि सणाच्या तोंडावर भेसळीच्या बातम्या वाचून विकतचा आणायची भीती वाटली, म्हणून चहात घालतो ती दुधाची पावडर आणि कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणला. मोदक इतके चिवट झाले की दाताला चिकटत होते. त्याच पावडरीचे गुलाबजाम केले तर आत गोळी राहिली, सुपारीसारखी कडक. सासूबाई म्हणाल्या पावडरीचं काय देवाला ठेवतेस. आता दिवाळीला सोसायटीतल्या काही जणी बर्फीची ऑर्डर द्यायला तयार आहेत. पावडरीची करून देऊ का? आणि खव्याची म्हणून दिली तर चालेल का?"

अगं, पावडर वापरलीस त्यात काहीच वावगं नाही. गडबड झाली ती डब्यावरचं बारीक अक्षर न वाचल्यामुळे. चहात घालतो ती पावडर म्हणजे बहुतेक वेळा डेअरी व्हाइटनर, त्यात साखर आधीच घातलेली असते. त्यात तू घातलंस कंडेन्स्ड मिल्क, ज्यात ४० टक्क्यांच्या वर नुसती साखरच असते. मग हे सगळं घट्ट होईपर्यंत गॅसवर आटवलंस. साखर आणि दूध एवढं आटलं की त्याची टॉफी होते, मोदक नाही होत. म्हणून ते दाताला चिकटले. तुझ्या हाताचा दोष नाही त्यात.

तर पहिली गोष्ट, दुकानात गेलीस की पाकीट उलटं करून बघ. घटकांमध्ये साखर किंवा सुक्रोज दिसलं की ते व्हाइटनर, परत ठेव. वनस्पती तेल आणि ग्लुकोज सिरप दिसलं तर ते क्रीमर, त्यात दूध नावापुरतं असतं, त्याला तर हातही लावू नकोस. बाळाच्या दुधाची पावडर पण नको, घरात उरली असली तरी नको, तिची घडणच वेगळी असते. आपल्याला पाहिजे फक्त दुधाची पावडर, तीही फुल क्रीम. स्किम मिल्क पावडर पण चालते पण तिची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे.

खवा म्हणजे काय, तर आटवलेलं दूध. पण पावडर म्हणजे पण पाणी काढलेलं दूधच ना, मग फरक कसला? फरक दोन. एक म्हणजे स्निग्धांश. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे खव्यातलं पाणी सोडलं तर उरलेल्यात किमान ३० टक्के दुधाचं फॅट लागतं. फुल क्रीम पावडरीत ते किमान २६ टक्के असतं, म्हणजे जवळ जवळ पोचलेली असते ती. पण स्किम पावडरीत जास्तीत जास्त दीड टक्का! म्हणजे नुसतं प्रोटीन आणि दुधातली साखर, तुपाचा पत्ताच नाही. अशा पावडरीची मिठाई कोरडी, चिवट किंवा टाळ्याला खडूसारखी लागणारी होणारच. हिशोब सोपा आहे, १०० ग्रॅम फुल क्रीम पावडरीला एक मोठा चमचा तूप पुरतं, चवीसाठी दोन घाल, आणि १०० ग्रॅम स्किम पावडरीला निदान तीन मोठे चमचे तूप घालावंच लागतं, तिथे हात आखडता घेऊन चालत नाही.

दुसरा फरक आचेचा. खवा करताना दूध कढईत पाऊण तास, तासभर उकळतं, हलवून हलवून हात भरून येतात, तेवढ्या वेळात दुधातली साखर आणि प्रोटीन एकत्र तापून तो खरपूस वास येतो, किंचित बदामी रंग येतो. कारखान्यात दूध आधी घट्ट करून मग गरम हवेत बारीक फवारतात, थेंब काही सेकंदात कोरडा होतो, त्यामुळे पावडर पांढरीशुभ्र राहते आणि तो वास तिच्यात नसतोच. म्हणजे तूप, ओलावा आणि आच ह्या तिन्ही गोष्टी आपण तिला परत द्यायच्या, मग ती खव्याचं काम करते.

आता मावा कसा करायचा ते नीट सांगते, घाईघाईत वाचू नकोस. एक मोठी वाटी, म्हणजे साधारण १०० ग्रॅम फुल क्रीम पावडर घे. पाव वाटीपेक्षा थोडं जास्त दूध, कोमट. गरम दुधात पावडर टाकली की वरून शिजल्यासारख्या गुठळ्या होतात आणि आतली पावडर कोरडीच राहते, अगदी थंड दुधात ती नीट विरघळत नाही, म्हणून कोमट. गॅस बंद असतानाच दूध आणि पावडर भांड्यात फेटून घे, इडलीच्या पिठाएवढं दाट होईल, आणि ते तसंच दहा मिनिटं ठेवून दे. ही दहा मिनिटं बहुतेक जणी गाळतात आणि मग म्हणतात बर्फी कचकच लागते. पावडरीला ओलावा प्यायला वेळ लागतो गं, तो दिलाच पाहिजे.

मग जाड बुडाच्या कढईत किंवा नॉनस्टिकमध्ये तूप घाल, वितळलं की हे मिश्रण ओत, गॅस बारीक. सुरुवातीला ते पातळ होतं आणि वाटतं बिघडलं, घाबरून वर पावडर टाकू नकोस. दोन-तीन मिनिटांत कडेने जमायला लागतं, मग दह्यासारखे गोळे गोळे दिसतात, मग ते गोळे एकमेकांत मिसळून एकच गोळा होतो आणि उलथन्याबरोबर कढईभर फिरायला लागतो. ह्याच वेळी कडेला तुपाची बारीक चकाकी दिसते. तिथे गॅस बंद. चिमूटभर घेऊन ताटलीत थंड कर आणि बोटांनी वळून बघ, गोळी झाली आणि बोटाला चिकटली नाही की झालं. अजून दोन मिनिटं भाजू म्हणशील तर कोरडा भुगा होईल, कारण गॅस बंद केल्यावर पण कढई गरमच असते. समजा झालाच भुगा तर चमचाभर कोमट दूध शिंपडून झाकून ठेव, सावरतो.

साखर ह्यात कधी घालायची? मावा कोमट झाल्यावर. पिठीसाखर, एवढ्या माव्याला पाव ते पाऊण वाटीच्या मधे, तुमच्या घरच्या गोडाप्रमाणे. गरम माव्यात साखर घातली की ती वितळते, मिश्रण सैल पडतं, मग आपण परत आटवायला जातो आणि पुन्हा ती टॉफी. कंडेन्स्ड मिल्क वापरायचंच असेल तर मग वेगळी साखर अजिबात नको आणि कढई सोडायला लागल्यावर एक मिनिटही जास्त नको. वेलची, केशर, जायफळ जे आवडेल ते, पण जायफळ जरा जपून.

आणि हो, ते चिवट मोदक टाकले नसतेस तर कोमट दुधात विरघळवून त्याची छान बासुंदी झाली असती. पुढच्या वेळी लक्षात ठेव, साखर आटून चिवट झालेल्याचे परत मोदक होत नाहीत पण दूध घातलं की वाया पण जात नाही.

गुलाबजामचं दुखणं वेगळं आहे. हलवाई खव्याचे तीन प्रकार मानतात, पिंडी, धाप आणि दाणेदार. पेढा-बर्फीला पिंडी, कलाकंदाला दाणेदार, आणि गुलाबजामला धाप, जो ओलसर असतो. म्हणजे गुलाबजामला ओलावा जास्त लागतो हे त्या लोकांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. आपण पावडरीचं पीठ पोळीच्या कणकेसारखं घट्ट मळतो आणि तिथेच फसतं. एक वाटी फुल क्रीम पावडर, त्यात पाव वाटीला कमी मैदा, खाण्याचा सोडा अगदी चिमूटभर, एक मोठा चमचा तूप चोळून घे, मग चमचा चमचा दूध घालत (त्यातलं चमचाभर दही असलं तर उत्तमच) नुसतं गोळा कर. मळायचं नाही! मळलंस की मैद्याला चिवटपणा येतो आणि जाम रबरासारखा होतो. पीठ हाताला चिकटेल असंच सैल ठेव, झाकून दहा मिनिटांनी बघ, ते आपोआप आवळलेलं असेल, कारण पावडरीने दूध प्यायलेलं असतं. तेव्हा कोरडं वाटलं तर अजून अर्धा चमचा दूध घाल. हाताला तूप लावून गोळे वळ, एकही चीर दिसता कामा नये, आणि लहान वळ, पाकात फुगतात.

आत गोळी राहते ती तळणीमुळे. पावडरीत दुधाची साखर भरपूर, ती कडक तेलात मिनिटभरात तपकिरी होते, आपल्याला वाटतं झाला, आणि आत कच्चं पीठ. तेल मंद पाहिजे. एक बारीक गोळी टाकून बघ, ती खाली बसून मग सावकाश वर आली पाहिजे, टाकल्या टाकल्या उसळी मारून वर आली तर तेल जास्त तापलंय, गॅस बंद करून थांब. एक घाणा तळायला सात-आठ मिनिटं तरी लागावीत, आणि सतत हलक्या हाताने फिरवत राहा. सोडा जास्त झाला तर तेलात फुटतात, तेव्हा चिमूट म्हणजे चिमूटच. पाकाला तार नको, बोटाला चिकट लागला की पुरे. दाट पाक आत शिरतच नाही, मग पुन्हा मधे सुपारी. पाक गरम असावा पण उकळता नको, आणि जाम तळून काढल्यावर मिनिट-दोन मिनिटांनी सोड. मग निदान दोन तास त्यांच्याकडे फिरकू नकोस.

बाकी पदार्थांचं पटापट सांगते. गाजर हलवा, दुधी हलवा, ह्यात पावडर सुंदर जाते, फक्त शेवटी कोरडी भुरभुरू नकोस, कढईत थोडा ओलावा असतानाच दुधात कालवून घाल. ओल्या नारळाच्या वड्यांत दोन चमचे पावडर घातली की वड्या पांढऱ्या आणि मऊ राहतात. साटोरीच्या सारणाला वर सांगितलेला मावा आणि भाजलेला रवा, मस्त जमतं. बासुंदीत लिटरभर दुधाला दोन-तीन चमचे पावडर कोमट दुधात कालवून घातली तर आटवायचा वेळ वाचतो, त्यापेक्षा जास्त घातलीस तर पिठूळ लागते. कलाकंदाला नुसती पावडर नाही चालत, दाणा पाहिजे, पण घरी फाडलेल्या पनीरच्या चुऱ्यात पावडर घालून आटवलंस तर चांगला होतो. खरवसाला चीक नसला तर पावडर, दूध, कंडेन्स्ड मिल्क आणि दही एकत्र करून वाफवतात, मुलांना आवडतो, चिकाच्या खरवसाची चव मात्र त्याला नाही.

आणि जिथे नाहीच चालत तिथे मन मारून पण वापरू नकोस. रबडी, कारण तिच्यात सायीचे थर हवेत आणि पावडरीला साय कुठून येणार. श्रीखंडात घट्टपणासाठी पावडर घालतात काही जण, चक्का नीट टांगला तर त्याची गरजच नाही. साताऱ्याचा कंदी पेढा, बेळगावचा कुंदा, हे पदार्थ म्हणजे भाजलेल्या दुधाची चवच आहे. तुपात पावडर बारीक गॅसवर बदामी होईपर्यंत परतली (डोळ्यात तेल घालून, क्षणात करपते) तर वास बराच जवळ जातो, पण तो दाणा आणि ते खमंगपण येत नाही. तिथे खवाच लागतो आणि त्याला पर्याय शोधूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सासूबाईंचं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण एक गोष्ट त्यांना गप्पा मारता मारता सांगायला हरकत नाही. आपली मुंबई दुधाच्या पावडरीवर किती वर्षं जगलीय ते कुणाला माहीतच नसतं. १९४६ साली दुग्धव्यवसायातले जाणकार दारा खुरोडी ह्यांनी इथे म्हशीच्या दुधात स्किम मिल्क पावडर आणि पाणी मिसळून टोन्ड दूध आणलं, हेतू हा की तेवढ्याच दुधात जास्त लोकांना स्वस्त दूध मिळावं. आजही पिशवीवर टोन्ड लिहिलेलं असतं ना, ३ टक्के फॅटवालं, त्याचा जन्म आपल्याच शहरातला. पुढे गुजरातमधल्या आणंदहून मुंबईला दूध यायला लागलं, हिवाळ्यात म्हशी जास्त दूध द्यायच्या आणि मुंबई ते सगळं उचलायची नाही, शेतकऱ्याचं दूध पडून राहायचं. त्या जादा दुधाची पावडर करण्यासाठी १९५५ मध्ये आणंदला कारखाना उभा राहिला. म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही असं परदेशातले जाणकार सांगत होते, ती आणंदचे डेअरी तंत्रज्ञ एच. एम. दलाया ह्यांनी करून दाखवली. १९७० ला ऑपरेशन फ्लड, म्हणजे देशभर दूध वाढवायची योजना, सुरू झालं तेव्हा युरोपातून मदत म्हणून आलेली पावडर आणि बटर ऑइल (म्हणजे दुधातलं फॅट) एकत्र करून मुंबईसारख्या शहरांत दूध विकलं गेलं आणि त्या पैशातून आपल्या गावागावातल्या डेऱ्या उभ्या राहिल्या. म्हणजे त्या काळात इथे ज्या पिढीने पेल्यातून दूध प्यायलं, त्यातल्या कितीतरी जणांनी पावडरीचं दूध प्यायलंय, आणि नैवेद्याच्या वाटीतही तेच गेलंय. दूधच ते. शेतकऱ्याच्या गोठ्यातून आलेलं. मला त्यात कमीपणा कधीच वाटला नाही.

पण सासूबाईंच्या मनाचा मान ठेवायचा तर त्याला पण सोपा रस्ता आहे. देवापुढच्या मोदकांपुरता खवा घरी आटव. अर्धा लिटर फुल क्रीम दुधाचा १०० ग्रॅमच्या आसपास खवा होतो, साखर घातली की पाच-सात मोदक आरामात. सकाळी एका बाजूला भाजी, एका बाजूला हे दूध, अधूनमधून ढवळायचं, बुडाला लागू द्यायचं नाही एवढंच. ते काम सासूबाईंनाच सांग, त्यांना ते आवडेल, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठीचे पन्नास मोदक तू पावडरीचे कर.

विकतचा खवा आणायची वेळ आलीच तर घरी एक तपासणी करता येते. थोडा खवा पाण्यात उकळून गार कर आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाक, निळा-काळा रंग आला तर त्यात स्टार्च म्हणजे पिठाची भेसळ आहे. सगळी भेसळ नाही कळत ह्याने, पण पिठाची कळते. आणि आंबूस वास आला तर तपासत बसू नकोस, खवा दोन दिवसांत उतरतो, आपल्या दमट हवेत तर लवकरच.

राहिली ऑर्डर. घे की! जरूर घे. पण खव्याची म्हणून देऊ नकोस. अजिबात नाही. पावडरीची बर्फी चांगली असते, तिला लपवायचं कारणच नाही, "मिल्क पावडर बर्फी" असं चिठ्ठीवर लिही, खाली काय काय घातलंय ते लिही आणि केल्याची तारीख घाल. सोसायटीत रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायका आहेत त्या, एकीला जरी नंतर कळलं की खव्याची सांगून पावडरीची दिली तर तुझ्या लाडवांवर पण कोणी विश्वास ठेवणार नाही. शिवाय दर पण त्याप्रमाणे लाव, खव्याच्या बर्फीचा भाव पावडरीला लावू नकोस. कुणाला खव्याचीच हवी असेल तर वेगळी ऑर्डर, वेगळी किंमत. नियमित विकायचं ठरवलंस तर एफएसएसएआय म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचं रजिस्ट्रेशन करून घे, घरून विकणाऱ्यांनाही ते लागतं.

दिवाळीच्या आसपास मुंबईत ऑक्टोबरचा उकाडा असतो, बर्फी बाहेर ठेवली की घाम सुटतो तिला. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, थरांमध्ये बटर पेपर घाल, आणि घेणाऱ्यांना सांग फ्रिजमध्ये ठेवा, चार-पाच दिवसांत संपवा. पावडरीचं उघडलेलं पाकीट पण तसंच, क्लिप लावून ओट्यावर ठेवलंस तर आठवड्यात गठ्ठे होतात आणि फुल क्रीम असेल तर जुनाट तेलासारखा वास यायला लागतो. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात काढ, ओला चमचा घालू नकोस, आणि ऑर्डरला पुरेल एवढंच पाकीट आण. सगळ्या ऑर्डरी एकदम हाती घ्यायच्या आधी ह्या रविवारी एका वाटीचा मावा करून बघ, घरातल्यांना चाखव, आणि साखरेचं प्रमाण वहीत लिहून ठेव. बर्फी पडली नाही नीट तर पुन्हा लिही मला, कुठली पावडर आणली आणि कढईत कधी काय दिसलं ते सगळं सविस्तर लिही म्हणजे नेमकं सांगता येईल.